‘तोमासोन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: तोक्योत पायी भटकताना एक जिना दिसला. एका बाजूने चढायचे, भिंतीपाशी पोचायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. वर दारच नाही. सोबतचे जपानी स्नेही त्याला ‘तोमासोन’ म्हणाले. हा शब्द आला कुठून, आणि त्याला मराठी प्रतिशब्द आहे का?

शब्द कानाला जपानी वाटला, तरी ते आडनाव आहे एका अमेरिकी बेसबॉलपटूचे. गॅरी टॉमसन १९८१ साली योमिउरी जायंट्स या तोक्योच्या संघात आला. मानधन भरघोस, पण बॅट फिरायची आणि चेंडू हुकायचा. पुढच्या हंगामात तर तो बाकावरच जास्त दिसला.

वस्तू मात्र या नावाच्या आधी सापडली होती. १९७२ साली कलावंत आकासेगावा गेनपेइ यांना योत्सुया भागात एका जुन्या इमारतीला लागून असाच जिना दिसला. त्याच्या लाकडी कठड्याचा एक तुकडा झिजल्यावर तिथे नवा बसवलेला होता. ज्या जिन्याने कुठेच जाता येत नाही, त्याची डागडुजी! आकासेगावांची नजर तिथेच अडली. या जिन्याला ‘जुन्सुइ काइदान’, म्हणजे निव्वळ जिना, असे नाव पडले. पुढे अशी बरीच ठिकाणे सापडली: दुसऱ्या मजल्यावर हवेत उघडणारे दार, बुजवलेल्या खिडकीवर राहून गेलेली पावसाळी झडप. मग बिनकामाचा असूनही संघाने जपलेल्या त्या खेळाडूवरून या साऱ्या गोत्राला ‘तोमासोन’ हे नाव मिळाले. १९८६ साली आकासेगावा, वास्तुइतिहासकार फुजिमोरी तेरुनोबु आणि मित्रमंडळींनी रस्ते न्याहाळणाऱ्यांचे मंडळच काढले.

व्याख्येत अटी दोन: वस्तू वास्तूला चिकटलेली हवी, आणि निरुपयोगी असूनही नीट जपलेली हवी. प्रतिशब्द शोधताना दुसरी अटच आडवी येते. ‘अडगळ’ चालणार नाही, कारण अडगळीला कोणी रंग देत नाही. ‘शोभेची वस्तू’ मुद्दाम मांडलेली असते; तोमासोन कोणी घडवत नाही, तो उरतो. सर्वांत जवळचा शब्द संस्कृतातून आपल्याकडे आलेला ‘अजागलस्तन’: शेळीच्या गळ्याला लोंबणारे, दूध न देणारे आचळ. अंगाला चिकटलेले आणि बिनकामाचे, म्हणजे पहिली अट अगदी चपखल. पण हा शब्द आपण हिणवायला वापरतो. तोमासोन म्हणणारा माणूस त्या जिन्यापुढे कौतुकाने थांबलेला असतो, आणि ते कौतुक ‘अजागलस्तन’मध्ये कसे आणणार?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ‘तोमासोन’ तसाच घ्यावा. ‘जिना’, ‘कठडा’, ‘दरवाजा’ यांच्याप्रमाणे तो पुल्लिंगी सहज बसतो, आणि अनेकवचनात रूप बदलत नाही: ‘तिथे एक तोमासोन आहे’, ‘या गल्लीत दोन तोमासोन सापडले’. सामान्यरूपही अडत नाही: ‘तोमासोनाचा फोटो काढला’. उच्चारात ‘टॉमसन’ करू नये. तो खेळाडू झाला, जिना नव्हे.