गॅस गिझर पेटत नाही? आधी टिकटिक ऐक

भावा, नळ सोडल्यावर टिकटिक होते का ते ऐक. होत नसेल तर खालच्या डबीतले दोन्ही मोठे सेल बदल. तरीही गप्प? मग बहुतेक पाण्याचा दाब कमी पडतोय. आपल्या लातूरकडं बोअरचं पाणी जड, गिझरमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाची जाळी क्षारानं बुजते. पाण्याचा कॉक बंद करून ती काढ, व्हिनेगरमध्ये भिजव, जुन्या ब्रशनं घास. माझ्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी हे करावंच लागतं. टिकटिक होऊनही पेटत नसेल तर सिलिंडर, रेग्युलेटर बघ.

ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली की लगेच बंद कर, मेकॅनिक बोलाव. आणि गिझर बाथरूमच्या आत असेल तर आधी बाहेर बसवून घे, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो रे.