परळच्या घरात भयपट का लागत नाहीत, आणि तरीही कोणते पाहावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परळच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री जेवणे आटोपल्यावर टीव्हीवर पाहिलेले अलीकडचे भयपट दोन-तीन ठिकाणी दचकवतात, पण भीती अशी वाटतच नाही, तेव्हा दोष सिनेमांचा, घराचा की वयाचा, आणि त्यापेक्षा वेब मालिका पाहाव्यात का? वयाचा दोष मला मान्य नाही. घराकडे थोडा दोष जातो, त्याविषयी पुढे लिहितो. मोठा वाटा मात्र सिनेमांचाच आहे.

ज्या भयपटात एखादा नियम लवकर ठरतो आणि तो प्रेक्षकाला पात्रांइतकाच नीट कळतो, तो खिडकीखालून वरात चालली असली तरी पकड सोडत नाही, असे माझे मत आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) या बाबतीत आजही सर्वांच्या पुढे आहे. त्यातल्या हस्तर या देवाकडे सोने अमाप आहे, पण शापामुळे अन्न त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून सिनेमाचा नायक विनायक त्या सोन्यासाठी दोरावरून खाली हस्तरपाशी उतरताना कणकेची बाहुली बरोबर नेतो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो, आणि हस्तर बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून जमतील तितक्या मुद्रा ओढून घेतो. एवढे एकदा समजले की पार्श्वसंगीताने घाबरवण्याची गरजच उरत नाही; रिंगण कुठे मोडले तर नाही ना, आणि बाहुल्या आहेत तरी किती, याच्यावरच आपली नजर खिळून राहते. सप्टेंबर 2024 मध्ये हा सिनेमा पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्या वेळी आलेल्यांपैकी कित्येकांना कथा पाठ होती. केवळ दचकवणाऱ्या सिनेमाला असा दुसऱ्यांदा येणारा प्रेक्षक मिळणे कठीण.

‘भ्रमयुगम’ (2024) आपण अजून पाहिला नसल्यास या आठवड्यात तोच लावावा. सतराव्या शतकातला मलबार, जीव वाचवून पळालेला एक गायक, पडझड झालेला एक वाडा, त्याचा मालक आणि एक स्वयंपाकी. संपूर्ण सिनेमा कृष्णधवल. मालक, म्हणजे मम्मूट्टी, पाहुण्याला सोंगट्या-फाशांच्या खेळाला बसवतो आणि पणाला लावायला त्याच्यापाशी काही नाही म्हटल्यावर त्याचा काळच मागून घेतो. त्या प्रसंगात ना कुणी ओरडत, ना कुठे रक्त दिसत. समोरचा माणूस मोठ्या मनाने आपल्याला खेळायला बोलावतो आहे आणि नाही म्हणण्याची सोय नाही, एवढ्यावर सारा प्रसंग उभा राहतो. हिंदी डबिंग मिळाले तरी कृपया मूळ मल्याळममध्येच पाहावा, कारण मम्मूट्टींचा निम्मा अभिनय आवाजात आहे.

‘सिनर्स’ (2025) अमेरिकेतला, 1932 सालच्या मिसिसिपीतला, पण त्याचा नियम आपल्याकडच्या कुणालाही चटकन कळेल असा आहे: आतल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याखेरीज पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही. दारावर राखणीला ठेवलेला ओळखीचा माणूस थोडा वेळ बाहेर जाऊन परत येतो, उंबऱ्यापाशीच थांबतो आणि मला आत घ्या म्हणून विनवीत राहतो. इतका परिचयाचा माणूस आपण होऊन आत का येत नाही, हे आतल्यांच्या हळूहळू ध्यानात येते. मला या सिनेमातला शेवटचा गोळीबार अनावश्यक वाटला, पण हा दारातला प्रसंग निव्वळ बोलण्यावर चालतो आणि घरातल्या टीव्हीवरही तितकाच लागू पडतो. त्याच वर्षीच्या ‘वेपन्स’मध्ये एका वर्गातली सतरा मुले रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी हात पसरून घराबाहेर धावत जातात, हे आरंभीचे दृश्य अप्रतिम आहे; मात्र रहस्य उलगडू लागल्यावर भीती ओसरते आणि विनोद वरचढ होतो.

वेब मालिकांविषयी मी फारसा उत्साही नाही. भय दीड-दोन तास टिकवणे अवघड असते. ते आठ भागांत ताणायचे म्हणजे उपकथानकांची भर घालावीच लागते. ‘खौफ’ (2025) ही त्यातली उत्तम मालिका असूनही तिला हे चुकलेले नाही. दिल्लीतल्या वर्किंग विमेन्स होस्टेलच्या खोलीतल्या भुतापेक्षा तिथल्या मुलींना रस्त्यावर, बसमध्ये वाटणारी भीती त्यात फार नेमकी आली आहे, आणि मोनिका पंवारचे काम चोख आहे. त्यातल्या एका हकिमाचे उपकथानक निम्म्याने कापले असते तरी काही बिघडले नसते. थोडक्यात आटोपणारे हवे असेल तर राधिका आपटेची ‘घूल’ (2018) तीनच भागांची आहे.

आता घराविषयी. आपल्या इमारतीत शेजारच्या कुकरची शिट्टी आणि लिफ्टच्या दाराचा आवाज ऐकू येणारच, त्यामुळे शांततेवर बेतलेले प्रसंग वाया जातात. शिवाय चित्रपटगृहासाठी केलेले ध्वनिमिश्रण टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर लावले की संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि लगेच पुढचा दणका शेजाऱ्यांना उठवतो. यावर हेडफोन हाच सोपा इलाज आहे. टीव्हीची चित्राची सेटिंग ‘व्हिव्हिड’वर असेल तर ती ‘सिनेमा’वर आणावी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी, कारण तिच्यामुळे उत्तम छायाचित्रणही दैनंदिन मालिकेसारखे दिसू लागते. मल्टिप्लेक्समध्ये आवाजाची अडचण नसते, पण परदेशी सिनेमात मध्यंतर मुळातच नसल्याने ते तिथे वाटेल त्या ठिकाणी घुसवले जाते, आणि तासभर हळूहळू चढवलेला ताण पॉपकॉर्नच्या रांगेत उतरून जातो.

आपण ‘मुंज्या’ आणि ‘लपाछपी’ यांपैकी सर्वांनी मिळून काय पाहावे असेही विचारले आहे, आणि भावजय गरोदर असल्याचे लिहिले आहे. ‘लपाछपी’ (2017) मला मनापासून आवडतो. उसाच्या शेतात वाट चुकण्याची भीती त्यात भर दिवसा उजेडी दाखवली आहे, आणि विशाल फुरिया यांनीच पुढे हिंदीत केलेल्या ‘छोरी’पेक्षा (2021) पूजा सावंतचा हा मराठी सिनेमा मला अधिक टोकदार वाटतो. पण तो एका गरोदर स्त्रीवर येणाऱ्या संकटाचा आणि स्त्रीभ्रूणहत्येचा सिनेमा आहे, तेव्हा बाळंतपण सुखरूप होईपर्यंत तो आणि ‘छोरी’ दोन्ही बाजूला ठेवावेत. ‘मुंज्या’ (2024) खुशाल लावा: कोकणातला सुरुवातीचा भाग अंगावर येतो, नंतर संगणकावर घडवलेला मुंज्या पूर्ण दिसू लागल्यावर भीतीपेक्षा हसूच जास्त येते, आणि घरातल्या सर्वांना ते झेपेल.