दगडफुलाच्या काढ्याने पथरी पडते का? रोज घेतला तर चालतो का?

आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याने वडिलांना पथरीवर रोज दगडफुलाचा काढा सांगितलाय, म्हणून विचारताय. मी काही वैद्य नाही. वर्धा जिल्ह्यात आमचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे, दगडफूल रोज हाताखालून जातं.

जडीबुटीवाला अगदीच हवेतलं बोलत नाही. आयुर्वेदात याला शैलेय म्हणतात, लघवीच्या तक्रारींवर आणि मुतखड्यावर ते सांगितलेलं आहे. पण ५ मिमीच्या आतला खडा बहुतेकदा आपसूकच पडतो. काढा सुरू असताना पडला की नाव काढ्याचं होतं!

माझी खरी अडचण मालाशी आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ मिळून झालेला जीव. त्याला मुळं नसतात. हवेतून, पावसातून येईल ते अंगात मुरवतं, त्यात शिसं-कॅडमियमही आलं. म्हणूनच शास्त्रज्ञ हवेचं प्रदूषण तपासायला असे जीव वापरतात. आमचा माल नागपूरच्या इतवारी बाजारातून येतो. त्याआधी तो कुठल्या डोंगरातल्या कुठल्या झाडावर होता, ते व्यापारीही सांगू शकत नाही. पोतं उपसलं की एका अंगाने काळे, दुसऱ्या अंगाने राखाडी पापुद्रे, सालीचे तुकडे, खडे, आणि कधी मधेच दाढीच्या केसांसारखे दोरे. हे दोरे म्हणजे अस्निया, वेगळीच जात. तिच्यात अस्निक आम्ल असतं. तेच घातलेल्या वजन घटवायच्या गोळ्यांनी लोकांची यकृतं बिघडली, तेव्हा २००१ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने इशारा दिला होता.

सावजी रश्श्यात तेलावर परतलेले दोन-तीन पापुद्रे बिनधास्त खा, त्याशिवाय तो वास येतच नाही. मूठभर उकळून महिनाभर पिणं ही गोष्टच वेगळी. गरोदर बाईला तर देऊच नका. आणि चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या धुळीतल्या झाडांवरून कोणी खरवडून आणून देत असेल तर घरातही घेऊ नका.

वडिलांची सोनोग्राफी झाली नसेल तर आधी ती करा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर काढ्याच्या नादात रात्र घालवू नका, सेवाग्रामच्या रुग्णालयात न्या. काढा सुरू करूनच टाकला असेल आणि डोळे पिवळे दिसले, मळमळ वाढली, तर तो लगेच थांबवा, डॉक्टरांना काढ्याचं स्पष्ट सांगा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.