वन रूम किचनमध्ये चौघांचं सामान कसं बसवायचं?

तुम्ही विचारलंय की नागपुरात दोन खोल्यांत चौघं राहतो, तर जागा काढायची कुठून. आधी कूलर खोलीबाहेर काढा, बाकीचं नंतर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवला की आत तीन-चार चौरस फूट जमीन मोकळी होते. शिवाय कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. खोलीत ठेवला तर तीच ओली हवा फिरत राहते आणि अंग चिकचिकतं. पावसाळा लागला की टाकी कोरडी पुसून पंप आणि ताट्या कूलरच्याच पोटात ठेवा, वर ताडपत्री बांधा. वेगळी जागा लागत नाही.

गाद्या-रजयांसाठी पेटीचा दिवाण घ्या. थंडी इथे महिना-दोन महिनेच, बाकी वर्षभर रजया नुसत्या जागा अडवतात.

स्वयंपाकघरात माझी आई एकच गोष्ट बजावायची: फळी एका डब्याइतकीच रुंद. सात-आठ इंच पुरे. रुंद फळीवर डबे दोन रांगांत लागतात, मागच्या डब्यातलं बेसन विसरलं जातं, आपण नवीन आणतो आणि पुढे एका डब्यात जाळी धरते. अरुंद फळ्या दाराच्या वरपर्यंत नेता येतात.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळ्यावर औषधं, मेणबत्त्या ठेवू नका हो. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, स्लॅब तव्यासारखा तापतो. तिथे भांडी, रिकाम्या सुटकेसच बऱ्या, आणि सुटकेसमध्ये स्वेटर.