पस्तीसच्या रेघेबद्दल

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. पोटातल्या बाळाच्या स्पायना बायफिडाच्या (पाठीचा कणा नीट न मिटण्याच्या व्यंगाच्या) शस्त्रक्रियेसाठी आईच्या बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची, कमाल अट 35 वरून 40 वर न्यावी, असं तुझं म्हणणं. वाचताना मला उंची मोजायची पट्टी आठवली.

मी अमेरिकेत फेलो होते. बाविसावा आठवडा, बाळाच्या कमरेत मेनिंगोमायलोसील (याच व्यंगाचा गंभीर प्रकार, मज्जारज्जू उघडा पडलेला), मेंदूचा मागचा भाग मानेत उतरलेला. बाकी सगळं जुळत होतं. आई 98 किलो, उंची 167 सेंटिमीटर, बीएमआय 35.1. ती म्हणाली, परत मोजा. बूट आधीच काढलेले होते. तिने टाचा भिंतीला घट्ट टेकवल्या, मान ताणली, श्वास रोखला. अर्धा सेंटिमीटर मिळाला असता तर ती बसत होती. पट्टी 167 वरच राहिली. मी फॉर्मवर "अपात्र" लिहिलं आणि नियम म्हणजे नियम, असं स्वतःला सांगितलं.

तो 35 कुठून आला, हे तेव्हा मी कुणाला विचारलंच नाही. फिलाडेल्फिया, नॅशव्हिल आणि सॅन फ्रान्सिस्को इथे झालेल्या मॉम्स अभ्यासाची ती अट; ऑपरेशन पोटात असताना करावं की जन्मानंतर, याची त्यात तुलना होती. अभ्यासात 200 बायका घ्यायच्या होत्या. फायदा इतका उघड दिसला की 183 वरच डिसेंबर 2010 मध्ये तो थांबवला. वर्षभरात शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी काढणारी नळी) लागलेली मुलं जन्मानंतरच्या ऑपरेशनात 82 टक्के, पोटातल्या ऑपरेशनात 40 टक्के. अडीच वर्षांची होईतो आधाराशिवाय चालणारी तशीच 21 ऐवजी 42 टक्के. अभ्यास नीट व्हावा म्हणून आखलेली रेघ पुढे दवाखान्याच्या दारावर चिकटली. त्यातही गंमत बघ (गंमत कसली म्हणा): आईचा लठ्ठपणा आणि गरोदरपणाआधीचा मधुमेह यांनीच या व्यंगाचा धोका वाढतो, आणि यादीतून आधी गळतात त्या याच बायका.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूची. पण तुझ्या बारा पानांत आई दीड पान आहे, ते मला खटकलं. तिला स्वतःला या ऑपरेशनचा शारीरिक फायदा शून्य. भूल तिला, टाके तिला. गर्भाशय जिथे उघडतात तिथला व्रण असा, की पुढचं प्रत्येक बाळंतपण कळा सुरू व्हायच्या आत सिझेरियननेच. मॉम्समध्ये सुमारे एकतृतीयांश जणींचा व्रण बाळंतपणाच्या वेळी पातळ झालेला किंवा उसवलेला सापडला. बाळंही सरासरी 34 आठवड्यांनीच आली. जाड पोटातून सोनोग्राफी धूसर दिसते आणि जखम भरायलाही त्रास होतो. तेव्हा 35 अगदीच हवेतून आला नव्हता. ह्यूस्टनच्या पद्धतीत पोट उघडतात, पण गर्भाशयाला दोनच छिद्रं पाडून दुर्बिणीतून काम करतात आणि नंतर नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं. तुझा मुद्दा खरा तिथे बळकट होतो, आणि तू तो तळटीपेत टाकलास!

आणखी एक. नियमात बसणाऱ्या सगळ्यांना सारखा फायदा होत नाही. मॉम्समध्येच ज्या बाळांच्या मेंदूतल्या पोकळ्या आधीच 15 मिलिमीटर किंवा जास्त फुगल्या होत्या, त्यांतल्या 79 टक्के बाळांना पोटात ऑपरेशन होऊनही शंट लागला. दार रुंद करायला निघाली आहेस, तर आत आलेल्यांना आपण काय सांगतो तेही लिही.

ते दीड पान वाढवून पुन्हा पाठव. रविवारी माझी ड्यूटी नाही, तेव्हा निवांत वाचीन.

तुझी,
मॅडम