ओळखीचं कुणी भेटलं तर?

प्रश्न : ताई, माझं वय ४७. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, फोर्टात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आधी शनिवारचंच बसणं होतं, आता दारू रोज लागते. सकाळी हात थरथरतात, म्हणून निघण्याआधीही दोन घोट घेतो. बायको म्हणते, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगला जा. घराजवळच एका शाळेत भरते. फाटकापर्यंत जातो आणि परत फिरतो. आत ओळखीचं कुणी असलं तर? मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. शिवाय आमचे वडील माळकरी होते आणि हे सगळं चर्चवाल्यांचं आहे असं ऐकलं. उभं राहून बोलावं लागतं का? अजून एक, परवा मसाल्याच्या डब्यामागे गोळ्यांची पट्टी सापडली. मेहुण्याने आणून दिलीय, चहात टाकायला.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : मिटिंगचं नंतर बघू, आधी ते थरथरणारे हात. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थांबत नसतील, तर शरीराला सवय जडली आहे. अशा माणसाने जोशात येऊन एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, ताप. यात माणसं दगावतात. म्हणून आधी डॉक्टर. सायन, केईएम, नायर, कुठल्याही पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा आणि रोज किती घेता ते खरं सांगा. (तिथे सगळे निम्मं सांगतात, आणि डॉक्टर मनात दुप्पट करून घेतात.) मधेच भास सुरू झाले किंवा फिट आली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा.

ती पट्टीही सोबत न्या. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेततं. गोळी बंद केली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. चहातून चोरून देणं हा प्रेमापोटी केलेला विषप्रयोग आहे. बायकोशी भांडू नका, पण हा परिच्छेद तिला वाचायला द्या.

आता ओळखीचं. भेटेल की! मुंबईत ओळखीचं माणूस कुठे भेटत नाही? पण तोही तिथे भजी खायला आलेला नसतो. तिथलं बाहेर बोलायचं नाही हा एएचा पायाच आहे. आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तरी जीव धजत नसेल तर घराजवळचा ग्रुप सोडा. तुमच्याकडे रेल्वेचा पास असेलच. भायखळा, दादर, घाटकोपर, वाटेत कुठेही उतरा. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार मिटिंग मिळतात, मराठीतल्याही असतात. पहिल्यांदा ‘क्लोज्ड’ मिटिंगला जा, तिथे फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. आणि सेक्रेटरीसाहेब, सोसायटीत कुणाला माहीत नाही हा समज मला जरा भाबडा वाटतो. जिन्यात वास मागे राहतो.

चर्चचं म्हणाल तर एए १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झालं, भारतात १९५७ मध्ये आलं. ते कुठल्याच धर्माचं नाही. चर्चचा हॉल किंवा शाळेचा वर्ग परवडतो, म्हणून तिथे भरतं. दारूतून सुटायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण ‘आपल्याला उमगला तसा’. तुम्हाला विठोबा उमगला असेल तर विठोबा. बांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्तीची वेगळी संस्था. तिथे राहून उपचार घेता येतात.

बोलायची सक्ती नाही. नोकरीत असताना मी अशा मिटिंगांना जाऊन बसले आहे. पहिलीच्या पोरांचे बाक, त्यात गुडघे मावत नाहीत, फळ्यावर सातचा पाढा तसाच. एकेक जण नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपलं सांगतो. मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की ‘आज ऐकायला आलोय’ म्हणा, पुढचा सुरू करतो. शेवटी वर्गणीचा डबा फिरतो, नवख्याने टाकायची गरज नसते. निघताना दोन-चार जण आपले नंबर देतील ते ठेवा. पहिल्या पेगच्या आधी लावायचे असतात, नंतर नव्हे.

एखाद्या ग्रुपात सूर जुळत नाही, काही जुने मेंबर जरा फार प्रवचन देतात. दुसरा ग्रुप बघा. पण ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर’ असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. औषधोपचार हे डॉक्टरांचं काम, असं खुद्द एएचंही म्हणणं आहे. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

बायकोसाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट. तुम्ही एएला जा वा न जा, ती तिथे जाऊ शकते. मेहुण्यालाही हे सगळं काय असतं ते बघायचं असेल, तर त्याला ‘ओपन’ मिटिंगला न्या, ती कुणालाही खुली असते. गोळ्या आणण्यापेक्षा त्याचा तेवढा तरी उपयोग होईल.