‘पौराणिक अजिंक्यपद’ नको, बिरुद म्हणा

प्रश्न असा आलाय: अमेरिकी कॉलेज फुटबॉलवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करताना ‘मिथिकल स्टेट चॅम्पियन’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. ‘पौराणिक राज्यविजेता’ चालेल का?

नाही चालणार. वाचणाऱ्याला वाटेल, भीम-जरासंधाची कुस्ती दाखवतायत.

आधी भानगड काय ती पाहू. फ्लोरिडा राज्यात तीन तगडे संघ: गेन्सव्हिलचा फ्लोरिडा, टॅलाहासीचा फ्लोरिडा स्टेट आणि मायामी. पहिला एका कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संघांच्या एका गटात खेळतो, बाकीचे दोघे दुसऱ्यात. राज्याचं म्हणून अजिंक्यपद कोणी भरवतच नाही. तरी ज्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं तो ‘स्टेट चॅम्पियन’, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्यातही फ्लोरिडा-मायामी ही दरवर्षीची लढत १९८७नंतर बंद झाली, त्यामुळे त्रिकोण बहुतेक मोसमांत पुरा होतच नाही. २००२मध्ये फ्लोरिडा कप नावाचा चषक निघाला, पण तिघं एकमेकांशी खेळले तरच तो द्यायचा. २०२४मध्ये तसं झालं. मायामीनं फ्लोरिडाला ४१-१७ आणि फ्लोरिडा स्टेटला ३६-१४ असं हरवलं.

म्हणजे इथला ‘मिथिकल’ खोटाही नाही आणि पुराणातलाही नाही. लोकांच्या तोंडी आहे, दप्तरी नाही, एवढंच. राष्ट्रीय पातळीवरही तेच. एनसीएए ही महाविद्यालयीन क्रीडासंस्था सर्वांत वरच्या विभागात फुटबॉलचं अजिंक्यपद स्वतः देत नाही. १९३६पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी क्रीडापत्रकार मतं देऊन क्रमवारी लावत आले, आणि त्यातला पहिला तो विजेता मानला गेला.

आता मराठी. ‘अनधिकृत’ हा कोशातला सरळ शब्द, पण आपल्याकडे त्याला बांधकामाचा वास लागलाय. ‘अनधिकृत विजेता’ म्हटलं की महापालिकेची नोटीस डोळ्यांपुढे येते. ‘मानीव’ मला क्षणभर मोहक वाटला होता. पण सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण करून पाहिलेल्यांना विचारा: तिथे कायदा मानतो, लोकांनी मानून भागत नाही. इथे बरोबर उलटं. ‘लोकमान्य’ अर्थानं चपखल, पण तो शब्द टिळकांनी कायमचा नेला. ‘मानाचा’ जवळ येतो खरा; मात्र पुण्यात मानाचा पहिला गणपती कसब्याचाच, तो मान काही दरवर्षी हरून-जिंकून ठरत नाही.

अशा वेळी मी नामाआधी क्रियापद बघतो. पदवी घेतात. किताब पटकावतात, कारण तो देणारं कोणीतरी असतं. महाराष्ट्र केसरी हा किताब आहे, मागे कुस्तीगीरांची संघटना उभी आहे. आणि बिरुद? बिरुद मिरवतात. देणाऱ्याची सही कोणी विचारत नाही, म्हणणारे भाट असले की झालं. कॉलेज फुटबॉलमध्ये भाटांना तोटा नाही: अख्खं स्टेडियम, माजी विद्यार्थी, त्यांच्या गाड्यांच्या मागची स्टिकरं. ‘ब्रॅगिंग राइट्स’ (फुशारकी मारायचा हक्क) म्हणून त्याच माहितीपटात जे येत असेल तेही ‘मिरवणं’त आपोआप बसतं.

म्हणून ‘या मोसमात राज्यविजेत्याचं बिरुद मायामी मिरवणार’ असं लिहा. उपशीर्षकाच्या दोन ओळींत मावतंही.

यूटा राज्याचा उल्लेख आला तर मात्र जपून. तिथल्या संघांत १९७१पासून बीहाइव्ह बूट हे फिरतं पारितोषिक आहे. तो खरोखरचा जुना चामडी बूट आहे, तेव्हा तिथे ‘बूट पटकावला’च म्हणावं लागेल.

आणि ‘स्वयंघोषित’ हा शब्द राखून ठेवा. ऑरलँडोच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठानं २०१७च्या मोसमात तेराच्या तेरा सामने जिंकले, प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत जागा मिळाली नाही, तर स्वतःच राष्ट्रीय विजेते असल्याचं जाहीर करून मिरवणूक काढली. माहितीपट फ्लोरिडाचा असेल तर तो प्रसंग येणारच.